झिपोली नावाचा ब्रदर

संगीत आणि संन्यास ह्यांची सोयरीक आपल्या देशाला नवी नाही. तानसेनाचे गुरू स्वामी हरिदास वृंदावनात आपल्या देवापुढे गात, दरबाराची पायरी चढत नसत, आणि त्यांचे गाणे ऐकायचे म्हणून खुद्द अकबर बादशहाला तंबोरा वाहणाऱ्या सेवकाचे सोंग घ्यावे लागले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती इतिहासात बसो वा न बसो, लोकांना ती खरी वाटते हे महत्त्वाचे.

ख्रिस्ती परंपरेत मात्र प्रश्न थोडा निराळा पडतो. वृंदावनातला संन्यासी आपल्या मनाचा धनी असतो. त्याचे गाणे त्याचे आणि त्याच्या देवाचे. व्रतस्थ संघात शिरणाऱ्या माणसाने दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य ह्यांच्या जोडीला आज्ञापालनाचेही व्रत घेतलेले असते. त्याचा गळा, त्याची बोटे, त्याचे रियाजाचे तास ह्यांपैकी काहीच त्याच्या मालकीचे उरत नाही. वरिष्ठांनी सांगितले तर तो ऑर्गनवर बसेल, आणि वरिष्ठांनी सांगितले तर तो कोठीघराच्या किल्ल्या सांभाळील. पहिले दोन त्याग कलावंताला कदाचित जमतील. पुष्कळ कलावंत व्रत न घेताही गरीब असतात! तिसऱ्या त्यागाचे काय, हा प्रश्न आम्हांस फार दिवस छळीत आला आहे.

युरोपच्या शास्त्रीय संगीतात झगे घातलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. विवाल्डी धर्मगुरू होता, पण कोणत्याही व्रतस्थ संघाचा सभासद नव्हता. फ्रान्झ लिस्टने आयुष्यभर टाळ्या मिळविल्यानंतर १८६५ साली कनिष्ठ दीक्षा घेतल्या आणि लोक त्याला 'आबे' म्हणू लागले. त्याच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण पियानो त्याच्या हातून कोणी काढून घेतला नाही. बोलोन्याचे फ्रान्सिस्कन फादर मार्तिनी हे आपल्या मठात बसून साऱ्या युरोपचे गुरू झाले. १७७० साली चौदा वर्षांचा मोझार्ट त्यांच्यापुढे शिकायला बसला होता. स्पेनमध्ये एस्कोरियलच्या मठात अंतोनियो सोलेर हे हिएरोनिमाईट व्रतस्थ शंभराहून अधिक सोनाटा लिहून गेले. ह्या साऱ्यांच्या बाबतीत मठाने संगीताला घर दिले, इतकेच म्हणता येईल. आम्हांस ज्याच्याविषयी लिहायचे आहे त्याच्या बाबतीत गोष्ट अगदी उलटी घडली. त्याने संगीताचे उत्तम घर सोडले आणि मग तो व्रतस्थ झाला.

त्याचे नाव डोमेनिको झिपोली. वाचकांनी क्षमा करावी, एरवी व्रतस्थांना आम्ही अहोजाहो करतो. पण सदतीसाव्या वर्षी गेलेला हा माणूस आम्हांस पुतण्याभाच्यासारखा वाटतो, म्हणून येथे त्याला 'तो' म्हणणार आहोत.

झिपोलीचा जन्म १६८८ सालच्या ऑक्टोबरात इटलीतील प्रातो गावी झाला. तुस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो ह्याने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. फ्लोरेन्सला शिकून तो १७०९ साली नेपल्सला अलेस्सांद्रो स्कार्लात्तीकडे गेला, आणि तेथे फार काळ टिकला नाही; गुरुशिष्यांचे पटले नाही म्हणतात. पुढे बोलोन्या, मग रोम, तेथे बेर्नार्दो पास्क्वीनीच्या हाताखाली. पंचविशी ओलांडताच तो रोममधील 'जेजू' ह्या मंदिराचा ऑर्गनवादक झाला.

जेजू म्हणजे येशूसंघाचे मातृमंदिर. संत इग्नाती लोयोला तेथेच चिरविश्रांती घेत आहेत. आणि आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट : संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा उजवा हात गोव्याहून नेऊन १६१४ सालापासून ह्याच मंदिरात ठेवलेला आहे. ज्या हाताने गोव्यापासून मोलुक्कासच्या बेटांपर्यंत स्नान दिले, तो हात एका वेदीवर, आणि ऑर्गनपाशी हा विशीतला वादक! रोज मिस्साला बसताना त्याची दृष्टी तिकडे जात असेल की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण पुढे त्याने जे केले ते पाहता आमच्या मनात हे दोन हात जवळ येतात.

१७१६ च्या आरंभी झिपोलीने ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड ह्या वाद्यांसाठी रचलेल्या तुकड्यांचा संग्रह रोममध्ये छापला. मुखपृष्ठावर त्याने स्वतःची ओळख 'रोमच्या जेजू मंदिराचा ऑर्गनवादक' अशी करून दिली आहे. मागाहून लंडन आणि पॅरिस येथील प्रकाशकांनीही हे तुकडे छापले. त्या काळी वादकाच्या नशिबात ह्याहून अधिक फारसे काही नसे. संग्रहाचा पहिला भाग ऑर्गनचा आहे आणि तो सरळसरळ उपासनेसाठी लिहिला आहे : एक तुकडा अर्पणविधीच्या वेळचा, एक ख्रिस्तप्रसादानंतरचा, एक उन्नयनाच्या क्षणाचा, एक नाताळच्या मेंढपाळांची आठवण देणारा. ह्यांखेरीज निरनिराळ्या स्वरांत बांधलेले लहान लहान 'वेर्सो' आहेत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्तोत्राचे एक चरण गायकवृंद गाई आणि पुढच्या चरणाच्या जागी शब्दांवाचून नुसता ऑर्गन वाजे. म्हणून हे तुकडे मिनिट-अर्ध्या मिनिटाचे. एवढ्या जागेत वादकाने आपला विचार मांडायचा आणि पुन्हा गाणाऱ्यांना वाट करून द्यायची. आपल्या भजनात मृदंगवाला दोन ओळींच्या मधली जागा भरून काढतो, तसेच काहीसे. मात्र येथे त्या जागेला प्रार्थनेचे वजन आहे. रविवारी मिस्साला पेटी वाजविणाऱ्या आमच्या मंडळींनी हे तुकडे अवश्य बसवावेत. फार अवघड नाहीत. पायांनी वाजवायचा पेडल आपल्याकडे नसतो, आणि त्यावाचून ह्यातले बहुतेक तुकडे अडत नाहीत.

आणि त्याच वर्षी, १ जुलै १७१६ रोजी, झिपोली स्पेनमधील सेव्हिल शहरी येशूसंघाच्या नोव्हिशिएटमध्ये दाखल झाला. दक्षिण अमेरिकेतील पाराग्वे प्रांताच्या मिशनसाठी त्याने आपले नाव दिले होते.

का? त्याने लिहून ठेवलेले नाही. चरित्रकारांनी नाना तर्क केले आहेत, आम्ही त्यांत भर घालीत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. कलेची हौस फिटावी म्हणून कोणी मठात जाणार असेल, तर येशूसंघ ही त्यासाठी सर्वांत गैरसोयीची जागा होती. बेनेडिक्टाईन आणि इतर जुन्या संघांत दिवसातून अनेक वेळा एकत्र जमून प्रार्थना गाण्याचा नियम असे. संत इग्नातींनी आपल्या संघाला हा नियमच लावला नाही. आपल्या माणसांनी कोणत्याही घटकेला झोळी उचलून कोठेही जायला मोकळे असावे, गायनाच्या ठरलेल्या वेळांनी त्यांना बांधून ठेवू नये, असा त्यांचा हेतू. संघाच्या घटनेत तर निवासांत करमणुकीची वाद्ये ठेवू नयेत असेही कलम आहे. गंमत अशी, की स्वतः इग्नातींना संगीत अतिशय प्रिय होते! म्हणजे संस्थापकाने स्वतःला आवडणारी गोष्ट कामासाठी बाजूला ठेवली, आणि त्याच संघात दीडशेहून अधिक वर्षांनी रोमचा एक नामांकित वादक आपण होऊन शिरला.

येथे आम्हांस आमच्याच गावातली एक हकीकत आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या गायकवृंदात एक मुलगा पेटी वाजवीत असे. बोटे अशी, की एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा ऐकावी लागत नसे. वांद्र्याला जाऊन पियानोच्या परीक्षाही देत होता. बारावी झाल्यावर तो एका व्रतस्थ संघात गेला. निरोपाच्या दिवशी अंगणात मांडव होता, बँड होता, सगळे होते, पण मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांत एकच वाक्य फिरत होते : "एवढा हुशार पोर, बोटं वाया घालवली." नोव्हिशिएटच्या पहिल्या वर्षात त्याला वाद्याला हात लावायला मिळाला नाही. बागेचे आणि भांड्यांचे काम होते. त्याची आई आम्हांस रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "देवाला दिलाय तो आम्ही, त्याचं मला दुःख नाही. पण देवाला त्याची पेटी नको होती का?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले उत्तर होते, ते त्या बाईला आमच्याहून चांगले ठाऊक होते. आम्ही एवढेच विचारले, "तो खुशीत आहे का?" "आहे," ती म्हणाली, "त्याचंच तर नवल वाटतं."

झिपोलीच्या आईने काय म्हटले असेल कोण जाणे. ५ एप्रिल १७१७ रोजी काडिझच्या बंदरातून जहाज सुटले. बरोबर पन्नासावर येशूसंघीय होते. त्यांत ब्रदर आंद्रेआ बियांकी आणि ब्रदर जोव्हान्नी प्रीमोली हे दोन इटालियन वास्तुकारही होते. ब्वेनोस आयरेस आणि कोर्दोबा येथील कितीतरी इमारती पुढे त्यांच्या हातून उभ्या राहिल्या. जुलैत, वादळाला तोंड देऊन, जहाज ब्वेनोस आयरेसला लागले. तेथून पुढे सपाट मैदानांतून कोर्दोबा. येशूसंघाचे विद्यापीठ तेथे होते, आणि तेथेच झिपोलीने तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान ह्यांचा अभ्यास पुरा केला. तिशीतला माणूस बाकावर बसून लॅटिन तर्कशास्त्र घोकतो आहे, आणि सणावारी मंदिरात ऑर्गन वाजवितो आहे, असे त्याचे दिवस. संघातल्या इतिहासकारांनी मागाहून लिहिले आहे की त्याचे संगीत ऐकण्यासाठी सणाच्या दिवशी कोर्दोबाच्या मंदिरात लोकांची रीघ लागे. लिमाच्या व्हाइसरॉयने त्याच्या रचनांच्या नकला मागविल्या होत्या. लिमा आणि कोर्दोबा ह्यांच्यामध्ये अँडीज पर्वत उभा आहे, हे नकाशात पाहून घ्यावे.

म्हणजे वरिष्ठांनी त्याच्या हातून वाद्य काढून घेतले नाही. तो ते सोडायच्या तयारीने आला होता, आणि ते त्याला परत मिळाले. पण आपल्या नावाने छापून घेण्याचे दिवस संपले होते. रोम सोडल्यानंतर झिपोलीची एकही नवी रचना त्याच्या हयातीत छापली गेल्याचे आढळत नाही. जे लिहिले ते येत्या सणासाठी, हाताशी असतील त्या गळ्यांसाठी आणि असतील त्या दोन व्हायोलिनांसाठी. सण झाला की कागद कपाटात जाई, किंवा कोणी नक्कल करून दूरच्या मिशनकडे नेई.

अभ्यास संपला तेव्हा आणखी एक गोष्ट त्याच्या वाट्याला आली. गुरुदीक्षेची सारी तयारी झाली होती, पण दीक्षा द्यायला बिशप नव्हते. तेथे बिशपांची जागा रिकामी राहिली होती. आज आपल्याकडे गुरुदीक्षेची तारीख वर्षभर आधी ठरते, पत्रिका छापतात, हॉल धरतात. झिपोली नुसता वाट पाहत राहिला. आणि वाट पाहत असतानाच, २ जानेवारी १७२६ रोजी, क्षयाने त्याचा अंत झाला. येशूसंघाच्या नोंदीत तो अखेरपर्यंत विद्यार्थीच राहिला. ज्या मिस्सेसाठी त्याने एवढे लिहिले, ती स्वतः अर्पण करण्याचे भाग्य त्याला एकदाही लाभले नाही. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आम्हांस येथे आठवतात : तेही ब्रदरच होते, धर्मगुरू नव्हते, आणि ज्या येशूसंघीयांपाशी ते वाढले त्यांच्या संघात प्रवेश न मिळाल्याने फ्रान्सिस्कन झाले. पण त्यांना निदान १५९७ साली नागासाकीचा क्रूस मिळाला. झिपोलीच्या मृत्यूत पाहण्यासारखे काहीच नव्हते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांचे खरे ठरले, बोटे वायाच गेली. रोममध्ये राहता तर मोठा झाला असता. असेलही. स्पर्धा मोठी होती. दोमेनिको स्कार्लात्ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, हेंडेल आणि बाखही तसेच. शक्यतांचा हिशोब आम्ही मांडीत बसत नाही. पुढे घडले ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ते झिपोलीने घडविलेले नाही.

कोर्दोबाच्या उत्तरेस, पाराना आणि उरुग्वे नद्यांच्या खोऱ्यांत ग्वारानी लोकांची तीस गावे येशूसंघीयांनी वसविली होती. आणि आणखी वर, आजच्या बोलिव्हियातील चिकितोस प्रदेशात, १६९१ पासून तशीच दहा. वाचकांपैकी पुष्कळांनी 'द मिशन' हा १९८६ सालचा चित्रपट पाहिला असेल. अरण्यात ओबो वाजवीत बसलेला तो येशूसंघीय आणि झाडांआडून पुढे येणारे आदिवासी हे दृश्य सहसा कोणी विसरत नाही. चित्रपटात दिसते ते बरेचसे कल्पित आहे, परंतु त्या गावांत संगीत हेच मुख्य साधन होते हे खरे. टायरोलचे फादर आंतोन सेप १६९१ साली तेथे पोचले आणि यापेयू गावात त्यांनी ग्वारानी कारागिरांकडून वाद्ये घडवून घेतली, वादकांची पथके तयार केली. प्रत्येक गावात गायकवृंद, प्रत्येक गावात व्हायोलिन आणि बासरी वाजविणारी मुले. झिपोली स्वतः कोर्दोबात राहिला. त्याच्या रचना मात्र ह्या गावांत गेल्या, हातांनी उतरवून घेतलेल्या कागदांवरून.

ह्यात सारे गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. साओ पावलोहून येणाऱ्या गुलामांच्या टोळीवाल्यांपासून ह्या गावांनी हजारो माणसे वाचविली, हे खरे. आणि त्याच गावांत उठण्याजेवणाची वेळ परक्या फादरांच्या घंटेने ठरे, हेही खरे. ग्वारानींची स्वतःची गाणी कोठे गेली? युरोपच्या चालीवर त्यांचे गळे वळविताना काय हरवले, ते सांगायला आज कोणी नाही. हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्तांनी मुलांना सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकविले, आणि त्याच मुशीतून तयार झालेल्या अँथनी गोन्साल्विस ह्यांच्यासारख्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. लाभ मोठा झाला, पण त्यापूर्वी त्या गावांत काय गात होते ह्याचा तुटपुंजा धागा तेवढा उरला आहे. उलट बाजूला फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली, झिपोलीच्या संग्रहाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले. एकाच संघाची दोन माणसे : एकाने लोकांचा छंद उचलून त्यात आपली गोष्ट घातली, दुसऱ्याचा छंद लोकांनी उचलला. आमचे मन स्टीफन्सकडे अधिक झुकते, हे लपवून काय करायचे? १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्यावा असे सांगितले, ते स्टीफन्सना आधीच उमगले होते.

तरीपण चिकितोसच्या लोकांनी पुढे जे केले, त्याने आमच्या ह्या सोयीस्कर मताला चांगलाच धक्का दिला. १७६७ साली स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजाने येशूसंघीयांना आपल्या साऱ्या मुलखांतून हद्दपार केले. (पोर्तुगालने १७५९ सालीच हे काम उरकले होते, गोव्यातील येशूसंघीयांचीही त्यात रवानगी झाली.) १७७३ साली तर पोपमहोदयांनी सारा संघच विसर्जित केला. चिकितोसमध्ये १७३० पासून राहिलेले स्विस फादर मार्टिन श्मिड, ज्यांनी तेथे मंदिरे बांधली, ऑर्गन घडविले, ते वार्धक्यात हाकलले गेले आणि १७७२ साली ल्युसर्नला वारले. शिकविणारा कोणी उरला नाही. संगीत लादलेले असते, तर त्याच दिवशी ते थांबायला हवे होते.

ते थांबले नाही. त्या गावांतील गायकवृंदांचे प्रमुख जुने कागद झिजले की नव्या कागदावर उतरवून घेत, मुलांना शिकवीत, आणि सणाच्या दिवशी गात. बाप उतरवी, मग मुलगा उतरवी. कागद किड्यांनी खाल्ले, दमट हवेने कुजविले, तरी ते टाकले नाहीत, कारण ते देवळाचे होते. १९७२ पासून हान्स रोथ हे स्विस वास्तुतज्ज्ञ त्या पडक्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराला लागले, आणि सान राफाएल आणि सांता आना ह्या गावांत त्यांना हस्तलिखित संगीताची पाच हजारांहून अधिक पाने मिळाली. ती आता कोन्सेप्सियोन गावी जपून ठेवली आहेत. त्यांत झिपोलीच्या रचना सापडल्या. त्याआधी त्याची एक मिस्सा सुक्रे शहरात मिळाली होती, तीन आवाज, दोन व्हायोलिने आणि ऑर्गन ह्यांच्यासाठी लिहिलेली. ती प्रत पोतोसी येथे १७८४ साली उतरवलेली आहे. झिपोलीला जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती, आणि ज्या संघासाठी त्याने रोम सोडले तो संघ दक्षिण अमेरिकेत औषधालाही उरला नव्हता.

युरोपात तर झिपोलीचा पत्ताच लागत नव्हता. १७१६ नंतर रोमचा वादक कोठे गडप झाला, हे संगीताच्या इतिहासकारांना दोनशे वर्षे कोडे होते. पाराग्वे प्रांतात झिपोली नावाचा एक ब्रदर होऊन गेला हे येशूसंघाच्या कागदांत होते. दोघे एकच, हे उरुग्वेचे संशोधक लाउरो आयेस्तारान ह्यांनी १९४१ साली दाखवून दिले.

कोन्सेप्सियोनच्या संग्रहात एक लहानशी संगीतिकाही आहे. संत इग्नातींवर आहे. झिपोली, श्मिड आणि कोणी अनामिक ह्यांच्या रचना तीत एकत्र आल्या आहेत असे जाणकार मानतात. तिच्या उत्तरार्धात इग्नाती संत झेवियरांना निरोप देतात आणि पूर्वेकडे धाडतात. पूर्वेकडे म्हणजे गोव्याकडे! बोलिव्हियाच्या अरण्यात, चिकितानो मुले व्हायोलिनच्या साथीने गात होती की झेवियर आता भारताला निघाले; आणि ह्या वार्तेचा अर्थ लागावा म्हणून त्यांनी भारत पाहिलेला असण्याची गरज नव्हती. आम्ही ही संगीतिका ध्वनिमुद्रणावरून ऐकली तेव्हा निरोपाच्या त्या भागात आम्हांस गावातला तो मांडव आणि कडेला बसलेले म्हातारे दिसले, ह्यात संगीताचा दोष नाही.

हे कागद वाचून, जुळवून छापण्याचे मोठे काम फादर प्योत्र नाव्रोत ह्या पोलिश व्रतस्थाने केले आहे. ते दिव्य शब्द संघाचे. आपल्या अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे संस्थापक फादर जॉर्ज प्रॉक्श ह्याच संघाचे. १९६४ च्या मुंबईच्या जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेत त्यांच्या भारतीय नृत्यनाट्याने लोकांची मने जिंकली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. चिकितोसमध्ये १९९६ पासून दर दोन वर्षांनी ह्या संगीताचा महोत्सव भरू लागला. तेथील व्हायोलिन वाजविणारी पुष्कळशी मुले त्या लोकांचीच, ज्यांनी कागद सांभाळले.

आमच्या गावातल्या मुलाविषयी : तो आता संघाच्या एका शाळेत शिकवितो, झारखंडात. मुलांचा गायकवृंद बसविला आहे, गाणी त्यांच्या बोलीतली, चाली त्यांच्या मांदरवर बेतलेल्या. सुटीत आला की मिस्साला पेटीवर बसतो, आणि त्याच्या बोटांत पूर्वीची चपळाई राहिलेली नाही हे आमच्या कानांना कळते. आईलाही कळत असावे. ती पहिल्या बाकावर बसते आणि तो वाजवीत असताना डोळे मिटून घेते.

झिपोलीच्या कागदांची ही हकीकत वाचल्यापासून आम्ही आमच्या गायकवृंदाचे कपाट उघडून पाहिले. लॅटिन मिस्साच्या काळातल्या चार वह्या आहेत, शाईने काढलेल्या पाच रेघांच्या. पुढे मराठी उपासना सुरू झाल्यावर गावच्या मास्तरांनी नव्या गीतांना ज्या चाली दिल्या त्यांच्या दोन, सारेगमात लिहिलेल्या. एका वहीची वाळवीने चाळण केली आहे. कोठेही लिहिणाऱ्याचे नाव नाही. एका समासात तेवढे 'येथे बायांनी थांबावे' असे पेन्सिलीने लिहिले आहे. ह्या साऱ्या पानांची छायाचित्रे काढण्याचे काम आम्ही तिघांनी हाती घेतले आहे. तिसऱ्या वहीची मधली आठ पाने गहाळ आहेत. त्यांत दुःखसहनाच्या आठवड्याची गीते असावीत. वसई-आगाशी भागात ज्यांच्या घरी जुन्या गायकवृंदाच्या वह्या पोटमाळ्यावर पडल्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार आम्हांस दाखवाव्यात. आम्ही वही घरी नेत नाही, तेथेच बसून उतरवून घेतो.